पाण्याचा खर्च वेगळा

सिंगापूर,
९ जानेवारी २०२५

ती. नाना आणि आई,

दोघांच्या पाया पडून लिहायला बसले आहे. पत्र बघून दचकू नका, इथे सगळं ठीक आहे.

रोज फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं आई विचारेल. पण फोनवर आपण बोलतो तरी काय? नाना फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतात. मग येणारा-जाणारा प्रत्येक जण मला 'काय जेवलीस' विचारतो आणि मी 'वरणभात' म्हणते. लग्न झाल्यापासून आपली गाडी वरणभाताच्या पुढे गेलेली नाही. आणि ज्या माणसानं जन्मभर गावचं पोस्ट सांभाळलं, त्याच्या मुलीनं परदेशात जाऊन एक पत्र लिहू नये, हेही बरं दिसत नाही.

तर मुद्द्याचं. तुम्ही दोघं मे महिन्यात माझ्याकडे या. मेमध्ये आपण झेंडू लावत नाही, तेव्हा नानांची ती सबब आधीच बाद. खर्चाचा कागद मी इथूनच करून पाठवते. मुंबईहून जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट माणशी अठ्ठावीस हजारांच्या आसपास. दोघांच्या व्हिसाचे सहा-सात हजार. नाशिकहून विमानतळापर्यंत गाडी. इथे फिरायला मेट्रो आहे, तिला फारसं लागत नाही. राहणं शून्य, जेवणखाण शून्य. ही दोन शून्यं मी मुद्दाम मोठी काढली आहेत, नानांना चष्म्याशिवाय दिसावीत म्हणून. हे शहर फार महाग आहे, इथे आलेला माणूस चहा पितानाही दोनदा विचार करतो. पण ज्याच्या पोरीचं इथे घर आहे त्यानं कशाला घाबरायचं?

आता ती गोष्ट. तुम्ही काढण्याआधी मीच काढते. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आपल्या घरची रीत मला ठाऊक आहे. आम्ही पुण्यात होतो तेव्हा तुम्ही सकाळच्या गाडीनं यायचात आणि संध्याकाळी परत. पिशवीत स्वतःची बाटली आणि दशम्या. मी कधी काही बोलले नाही. पण आता मध्ये समुद्र आहे, संध्याकाळची गाडी नाही. मागच्या पावसाळ्यात मी आजारी पडले होते, तेव्हापासून मला फार वाटतं की आईनं माझ्या घरात चार दिवस राहावं. माझ्या हातचं खावं. दुसरं काही नको.

अश्विनचा नमस्कार. तो म्हणतो, नानांना इथल्या फुलबाजारात नेतो.

तुमची,
भाग्यश्री


मातोरी, ता. नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

चि. भागू,

आशीर्वाद तर आहेतच, पण त्यासोबत थोडी कानउघाडणीही घे. पाकिटावरचं तिकीट तू उलटं लावलंस. पोस्टातल्या माणसाच्या पोरीला हे शोभत नाही. माझ्या जागी आता पूजा बसते. ती ते पाकीट हातात धरून, 'नाना, परदेशातून टपाल!' असं ओरडत वस्तीवर आली. त्यामुळे आम्ही सिंगापूरला निघालो हे आम्हाला कळायच्या आधी गावाला कळलं. आता जाणं भागच आहे.

तुझा कागद वाचला. शून्यं चांगली गोल काढली आहेस. पण ती तुझ्या आईपुढे टिकली नाहीत.

मग मी माझा कागद केला. नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ एक ट्रॅव्हल एजंट आहे, त्याला लॉजचा भाव विचारला. तो म्हणाला, साधी खोली सात हजार. मी म्हटलं, महिन्याचे नको, एका रात्रीचे सांगा. तो म्हणाला, काका, एका रात्रीचेच सांगतोय. दहा रात्रींचे सत्तर हजार झाले. म्हणजे आम्हा दोघांना समुद्र ओलांडायला जेवढे लागतात, त्याहून जास्त नुसते डोळे मिटायला. बाहेरचं जेवण मी कमी धरलं आहे, कारण आई दशम्या, लाडू आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेणार. पाण्याचा खर्च वेगळा लिहिला आहे. तिथे बाटली साठ-सत्तर रुपयांना पडते म्हणे.

मी भांडलो नाही असं समजू नकोस. मी तिला सांगितलं, अगं, सिंगापूरला बरंचसं पाणी शेजारच्या मलेशियातून येतं. म्हणजे ते पोरीच्या घरचं नाहीच मुळी. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "नळ कोणाच्या घरात हे?" मग म्हटलं, जेवणाचे पैसे ताटाखाली ठेवत जाऊ. तर म्हणाली, "पोरीच्या घरी काय खानावळ हे?" तुझी आई शाळेत सातवीपर्यंतच गेली ते बरं झालं. वकील झाली असती तर नाशिकच्या कोर्टात दुसऱ्या कोणाला काम राहिलं नसतं.

तेव्हा असं ठरवलं आहे की दहाऐवजी पाच दिवस यावं. लॉजवर उतरायचं, दिवसभर तुझ्याकडे बसायचं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. नातवंड आलं की हीच आई महिनाभर तुझ्याकडे ठाण मांडून बसेल आणि तूच आम्हाला कंटाळशील.

यंदा गुलाबाला भाव बरा आहे, म्हणून पैशाची काळजी करू नकोस.

तुझे,
नाना


सिंगापूर,
२० फेब्रुवारी २०२५

ती. नाना,

तुमचं पत्र हसत हसत वाचायला घेतलं आणि शेवटाला आले तेव्हा हसू कुठल्या कुठे गेलं.

पाच दिवस. ते पण लॉजवर. पोरगी पाच मिनिटांच्या अंतरावर, आणि आईबाप अनोळखी माणसाच्या खोलीत सात हजार मोजून झोपणार. मागच्या वर्षी अश्विनचे आईबाबा इथे दोन महिने राहून गेले. त्यांना शून्य चाललं, कारण त्यांच्या मुलाचं घर. नाना, घर तर एकच आहे ना? नळ तोच, भांडी तीच, रांधणारी मीच. मग त्यांच्यासाठी ते पाणी गोड आणि तुमच्यासाठी बाटलीतलं, हे मी कुणाला समजावून सांगू?

आई माझ्या सोफ्यावर बसून पिशवीतून बाटली काढेल, तेव्हा ती काय सांगत असेल ते तुम्ही तिला विचारा. ती सांगत असेल की हे घर अजून घर झालेलं नाही. माझी पोरगी अजून पुरी बाई झालेली नाही. बाकीचे लोक तोंडानं विचारतात, 'काही विशेष?' आई बाटलीनं विचारते. लोकांचं मी ऐकून सोडून देते. आईचं सोडता येत नाही.

असं यायचं असेल तर येऊ नका. तिकिटं काढू नका, एजंटकडे जाऊ नका. फोनवर वरणभात आहेच.

हे पत्र उद्या वाचलं तर मीच फाडून टाकीन, म्हणून आत्ताच पेटीत टाकून येते.

भाग्यश्री


मातोरी,
१२ मार्च २०२५

माझ्या भागूस,

आईचा पोटभर आशीर्वाद. मला लिहायची सवय नाही, अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. नाना म्हणाले मी लिहून देतो, तू सांग. मी नको म्हटलं. ते मध्येच चेष्टा घालतात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाटलीनं विचारते, असं तू लिहिलंस. भागू, मी तुला असं कधी विचारलं नाही. माझ्या मनात पण नाही. तुला असं वाटत आलं आणि मला कळलं नाही, म्हणून मी आज स्वयंपाक करता करता रडले.

तुला माझी आत्या सांगते. बायडाबाई. तू पाहिली नाहीस. तिला चांदवडला दिली होती. बरीच वर्षं तिला मूल नव्हतं. माझे आजोबा तिच्याकडे जायचे तेव्हा बाहेर ओट्यावर बसायचे आणि कळशी शेजारच्या घरून मागवायचे. आत्याला त्याचं काही वाटत नसे, उलट ती हसायची. म्हणायची, आण्णा, थांबा अजून थोडं, एक दिवस तुम्हाला आतच जेवायला बसवते. मी लहान होते, मला आजोबा बरोबर न्यायचे. एकदा आजोबा गेले आणि सरळ आत जाऊन बसले. म्हणाले, बाई, वाढ. त्यांना वाटलं पोरीला बरं वाटेल. किती दिवस तिला ताटकळत ठेवायची? आत्यानं वाढलं. आजोबा जेवले. मग ती चुलीपुढे बसून जी रडायला लागली ती थांबेना. म्हणाली, "आण्णा, लोकांनी सोडली होती, आता तुम्ही पण आस सोडली."

ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, भागू. म्हणून मी पाणी घेत नाही. रीत म्हणून नाही, तुला कमी लेखायला तर नाहीच. मी तुझ्या घरी पाणी प्याले तर त्याचा अर्थ मी थांबायचं सोडलं. सगळ्या जगानं सोडलं तरी आईनं सोडू नये. मी अजून थांबले आहे. तू पण थांब.

लॉजचे पैसे गेले तर जाऊ दे. पण तू येऊ नका म्हणू नकोस. मला तुझं घर बघायचं आहे.

आई


सिंगापूर,
२८ मार्च २०२५

ती. नाना,

हे पत्र मी वस्तीच्या पत्त्यावर न घालता पोस्टात पूजाच्या नावानं पाठवते आहे. ते तुमच्याच हातात द्यायचं, असं मी तिला फोन करून सांगितलं आहे. आईला दाखवू नका. आधी कुठेतरी बसा, मग वाचा.

आईचं पत्र आल्यापासून मला झोप नाही. मी काय समजत होते आणि तिच्या मनात काय होतं! ती माझ्यासाठी थांबली आहे आणि मी तिला शब्दांनी मारलं.

नाना, थांबण्यासारखं आता काही नाही. मागच्या पावसाळ्यात मला ताप आला नव्हता. मला पाचवा महिना होता. आधी दोनदा तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं होतं. तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं आणि आईनं दोन्ही वेळा अंथरूण धरलं होतं. म्हणून या वेळी सातवा लागला की सांगू, असं आम्ही ठरवलं होतं. ऑगस्टात एका सकाळी रक्त जायला लागलं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी फार प्रयत्न केले. बाळ राहिलं नाही. रक्त थांबेना, तेव्हा मला वाचवायला गर्भपिशवी काढावी लागली. अश्विननं सही केली तेव्हा मी शुद्धीत नव्हते. बाहेरून ठीक आहे मी. कामावर जाते, हसते. पण आता मला मूल होणार नाही. हे इतकं साधं वाक्य आहे आणि ते लिहायला मला सात महिने लागले.

आई पाणी प्यायली म्हणजे तिनं आस सोडली. मग ती कधीच प्यायली नाही तरी चालेल. मला तेवढं एकच माणूस उरलं आहे जे अजून थांबलं आहे. तिला थांबू दे. मी सांगायला गेले तर तिची आस मी माझ्या हातानं मोडेन, ते मला झेपणार नाही.

म्हणून मी नवा कागद केला आहे. शून्यं खोडली. लिटल इंडिया म्हणून इथे आपल्या लोकांचा भाग आहे, तिथे एक साधं हॉटेल पाहिलं आहे. एजंटनं सांगितलं त्यापेक्षा रात्रीला हजारभर कमी पडतं. खाली रस्त्यावर फुलांच्या माळा विकणारे बसतात, तुम्हाला करमेल. मेट्रोनं दोन स्थानकं की माझं घर. खोलीतल्या नळाचं पाणी उकळायला किटली आहे, त्यामुळे बाटलीचा खर्च काढून टाकला आहे. रोजचं बाहेरचं जेवण नीट धरलं आहे, उगाच उपाशी राहू नका. दहा दिवस या. पाच नको.

पैसे मी देते म्हटलं तर तुम्ही घेणार नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून फक्त जागा शोधून दिली.

तुमची,
भागू


मातोरी,
१४ एप्रिल २०२५

चि. भागू,

पूजानं मला पोस्टाच्या खोलीत बोलावलं आणि माझ्याच जुन्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर बसून मी गावातल्या किती जणांची पत्रं त्यांना वाचून दाखवली. वाईट बातमी कशी हळू सांगायची हे आपल्याला येतं, असा माझा समज होता. घरची आली तेव्हा मला ती स्वतःलाच सांगता येईना. पूजा बिचारी चहा घेऊन आली आणि तशीच परत गेली.

ऑगस्टात मी तुला फोनवर म्हणालो होतो, सुंठ आणि गूळ खा, ताप पळेल. तू 'हो नाना' म्हणालीस. ते आता आठवलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं.

मी काही विचारत नाही. तू जगलीस, माझ्यासाठी तेवढं बास आहे. अश्विनरावांना सांग की सही केली ते योग्य केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुझ्या आईला मी काही बोललो नाही. ती रोज गोठ्यातलं आवरून लाडू वळते. 'दहा दिवस म्हणजे किती दशम्या लागतील' हे मला रोज विचारते आणि रोज माझं उत्तर तिला चुकीचं वाटतं. परवा ती धोंडीरामच्या जीपमधून येवल्याला जाऊन आली. कशाला गेली ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आता या घरात न सांगण्याच्या गोष्टी फार झाल्या.

तुझा नवा कागद बरोबर आहे. हॉटेलचे पैसे भरले. साठ हजार गेले, पण त्यात तिची आस टिकत असेल तर मला महाग वाटत नाहीत. तिकिटं बारा मेची मिळाली.

तुला भेटल्यावर मी रडलो तर विमानात कान दुखला म्हणून सांगीन. तूही तेच सांग.

तुझे,
नाना


सिंगापूर,
३ जून २०२५

ती. नाना,

तुम्ही जाऊन दोन आठवडेही झाले नाहीत आणि घर खायला उठलं आहे. सोफ्याच्या ज्या कोपऱ्यात आई बसायची तिथे अश्विन आता बसत नाही. मी सांगितलं नव्हतं, तोच बसत नाही.

काय काय आठवतं! आई रोज सकाळी नाश्ता करून, बाटली भरून मेट्रोनं यायची. कोथिंबीर निवडायची, माझे डबे घासून पुसून लावायची. ताटं वाढली की बाल्कनीत जाऊन उभी राहायची. तुम्ही तिकडे हॉटेलखालच्या फुलवाल्याकडे. त्याला मराठी येत नाही, तुम्हाला तमिळ येत नाही, तरी झेंडूवर दोघांचं तासभर काय चालायचं देव जाणे. जाताना त्यानं तुम्हाला मोगऱ्याची माळ फुकट दिली, ते आई अजून सांगत असेल.

आणि आठव्या दिवशीचं ते. नाना, ते मी रोज आठवून बघते. तुम्ही बाहेर टीव्हीपुढे होतात, म्हणून सगळं सांगते. आईनं बॅगेच्या तळातून येवल्याची पैठणी काढली. हिरवी, मोर असलेली. म्हणाली, "तुझी ओटी भरायचीय, नेस." ती कशासाठी घेऊन ठेवली असेल हे मला कळलं, मी तोंड फिरवून घेतलं. परकर मी मुद्दाम वर, बेंबीच्या वर घट्ट बांधला होता. निऱ्या घालायला ती गुडघ्यावर बसली. म्हणाली, "खाली घे गं थोडा, निऱ्या बसत न्हाईत," आणि तिनंच तो खाली ओढला. मी लिफ्ट बिघडल्याचं काहीबाही बोलत सुटले. पण ती खाली मान घालून निऱ्याच करत होती. चापूनचोपून खोचल्या, पदर लावला, तांदूळ-नारळानं ओटी भरली. आणि उठून म्हणाली, "भागू, पाणी दे."

मला वाटलं तुमच्यासाठी मागतेय. मी ग्लास आणला. ती उभ्यानंच प्यायली, सगळा ग्लास. मग म्हणाली, "भूक पण लागली. वरणभात हे का?"

नाना, मी पैठणी नेसून कुकर लावला! आई पाटावर बसावी तशी खाली जमिनीवर मांडी घालून जेवली आणि दोनदा भात घेतला. तुम्ही पण जेवलात. फक्त तुम्ही एकदम गप्प झालात. अश्विन म्हणाला, हॉटेलच्या उरलेल्या दोन रात्री परत मिळणार नाहीत म्हणून नाना गप्प झाले. मी हसले. शेवटच्या दोन रात्री तुम्ही माझ्या घरी झोपलात, मी मध्येच उठून दाराशी उभी राहून तुमचं घोरणं ऐकलं.

तिला काही कळलेलं नाही, नाना. काळजी करू नका. मला वाटतं मी फेब्रुवारीत जे रागानं लिहिलं होतं त्याचं तिला वाईट वाटलं असणार. किंवा माझा संसार बघून तिचं मन भरलं असेल. रीत मोडली तिनं, पण आस तिची तशीच आहे. निघताना विमानतळावर तिनं माझ्या डोक्यावरून किती वेळ हात फिरवला! मी पुरी झाले, नाना. आणखी मला काही नको.

तुमची,
भागू


मातोरी,
२२ जून २०२५

माझ्या भागूस,

आईचा आशीर्वाद. तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि हातात धरून ओट्यावर नुसते बसून राहिले. मी हातातून घेतलं. मग त्यांनी मार्चमधलं पत्र पण आणून माझ्यापुढे ठेवलं. त्यांना रागावू नकोस. ते फार थकले आहेत सांभाळून.

भागू, मला कळलं होतं. परकर खाली घेतला तेव्हाच मी पाहिलं. बेंबीखालून उभे टाके. आपल्याकडे बायकांच्या पोटावर ते टाके मी थोडे पाहिलेत का? माझ्या बहिणीला, नवसाबाईला, तसेच आहेत. अंग शेकायला मीच जात होते. ते कशाचे असतात हे मला कोणी सांगायला नको.

माझे हात थांबले होते. तू वर बघून लिफ्टचं बोलत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. तुझं पोट थरथरत होतं. मला कळलं की आता ही घाबरली. मी मान वर केली तर हिला सांगावं लागेल. मी काही विचारलं तर हिला ते तोंडानं बोलावं लागेल, ते पण अंगावर ओटीची साडी नेसून. तुला ते बोलायला लावायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. काय करावं कळेना. म्हणून मी पाणी मागितलं.

ते पाणी घशाखाली उतरता उतरत नव्हतं. ग्लास संपवला कारण तू बघत होतीस आणि तुझं तोंड एवढं उजळलं होतं. मग मी भात मागितला. मला भूक नव्हती. तू पळत पळत वाढत होतीस, मी खात गेले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. आम्ही दोघं तुझ्यापुढे जेवलो आणि तू हसत होतीस. विमानात मी ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मुंबईपर्यंत रडले. त्यांनी शेजारच्या बाईला सांगितलं की हिचा कान दुखतो.

तुला असं कापलं तेव्हा मी इथे श्रावणातल्या माळा ओवत होते. वाडीतल्या बायकांना सांगत होते की पोरीला ताप आलाय. तुझ्याजवळ मी असायला हवी होते. पाण्याला रीत होती, पण तुझ्या डोक्यावर हात ठेवायला कुठली रीत आडवी आली होती? विमानाला पैसे होते, पण लॉजला पुरायचे नाहीत म्हणून मी तेव्हा आले नाही. याचं दुःख मला मरेपर्यंत राहील. तू आता माझ्यापासून लपवून रडू नकोस. फोन कर. मी स्पीकर बंद करून आत घेऊन बसेन.

एक गोष्ट मी घरी आल्यापासून मनात घोळवत होते. मार्चमधलं पत्र वाचल्यावर ती पक्की झाली. आत्याला आजोबांनी आस सोडली असं वाटलं, तसं तू कधी मनात आणू नकोस. मी काही सोडलं नाही. पाच महिने ते तुझ्या पोटात होतं. म्हणजे तुला मूल झालं होतं, भागू. राहिलं नाही, ते आपलं नशीब. पण झालं होतं. मी रीत मोडली नाही. मी माझ्या नातवंडाच्या घरचं पाणी प्याले.

तुम्हाला तिकडे सांगतात ना, पोटात असतानाच? मुलगा होता की मुलगी, तेवढं मला लिही. मी कोणाला सांगणार नाही. मनातल्या मनात नाव ठेवीन.

तुझी,
आई